17 इंची चाकं बसवल्यावर चेन-स्प्रॉकेट किती दात्यांचे घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी हिरोची एक्सपल्स 200 ही मोटरसायकल. मूळच्या 21 आणि 18 इंची रिम काढून त्याच हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) पुढे-मागे 17 इंची रिम बांधून घेतल्या. मागे 120/80-18 टायर होता, आता 130/70-17 आहे. पुढे 90/90-21 होता, आता 110/70-17 आहे. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावरून फिरते त्या दातेरी चकतीचे, दाते तुम्ही स्वतः मोजले: पुढे 13, मागे 40. चाकं बदलल्यापासून गाडी टॉप गिअरला ओरडते. गॅरेजमध्ये सांगितलं, ‘पुढे 14 चं टाका, टॉप वाढेल.’ वापर साताऱ्यात रोजचा, अधूनमधून हायवेनं पुणे, आणि दोघं बसून वाई-पाचगणीचा पसरणी घाट.

14 टाकायचा सल्ला चुकीचा नाही, पण त्यामागचं कारण चुकीचं आहे. कारण चुकलं की पुढच्या वेळी सल्लाही चुकतो, म्हणून हिशेब सुरुवातीपासून मांडतो.

चाक छोटं झालं की एका फेरीत गाडी कमी अंतर जाते. तेवढंच अंतर कापायला इंजिनाला जास्त फिरावं लागतं. म्हणजे स्प्रॉकेटला हात न लावताही तुमचं गिअरिंग बदललेलं आहे आणि ते शॉर्ट झालं आहे. किती शॉर्ट, हे रिमच्या इंचांवरून कळत नाही. जमिनीवर टेकतो तो टायर, रिम नाही. टायरच्या बाजूला छापलेल्या आकड्यांवरून पूर्ण व्यास काढायचा. 120/80-18 म्हणजे रुंदी 120 मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के म्हणजे 96 मिमी, आणि रिम 18 इंच म्हणजे 457.2 मिमी. भिंत वर आणि खाली अशी दोनदा मोजायची: 457.2 अधिक 192, एकूण 649.2 मिमी. नव्या 130/70-17 ची भिंत 91 मिमी, रिम 431.8 मिमी, एकूण 613.8 मिमी. नव्याला जुन्यानं भागलं की 0.945 येतं. तुमचं गिअरिंग साडेपाच-सहा टक्के शॉर्ट झालं.

17 भागिले 18 केलं तरी जवळपास हाच आकडा येतो, पण तो निव्वळ योगायोग आहे. त्याच 17 इंची रिमवर 140/70-17 चढवला असता तर व्यास 627.8 मिमी, म्हणजे फरक जेमतेम सव्वातीन टक्के. 110/70-17 चढवला असता तर 585.8 मिमी, म्हणजे फरक जवळजवळ दहा टक्के. रिम तीच, पण स्प्रॉकेटची उत्तरं तीन वेगळी. म्हणून ‘17 इंची चाकांना कुठलं स्प्रॉकेट?’ असं कुणी विचारलं की मी आधी टायरचा पूर्ण आकडा विचारतो.

आता मूळ गिअरिंग परत कसं आणायचं? 40 भागिले 13 म्हणजे 3.077. त्याला 0.945 नं गुणलं की 2.91. मागचे दाते भागिले पुढचे दाते बरोबर साधारण 2.91 झालं, की कंपनीनं जुन्या चाकांवर दिलेली गाडी नव्या चाकांवर परत मिळाली.

हा हिशेब कागदावरचा वाटत असेल तर कंपन्यांनी स्वतः काय केलं ते बघा. सुझुकीची डीआर-झेड 400 एस ही 21-18 चाकांची ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे रस्ता आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीची गाडी. मागचा टायर 120/90-18, स्प्रॉकेट 15 आणि 44. पुढे याच गाडीची सुपरमोटो (छोट्या चाकांची, डांबरी रस्त्यासाठीची) आवृत्ती आली, डीआर-झेड 400 एसएम. दोन्हीकडे 17 इंची चाकं, मागचा टायर 140/70-17, स्प्रॉकेट 15 आणि 41. टायरचे व्यास 673.2 आणि 627.8 मिमी. 44 भागिले 15 ला या व्यासांच्या गुणोत्तरानं गुणलं तर 2.735 येतं, आणि 41 भागिले 15 होतात 2.733. यामाहाच्या डब्ल्यूआर 250 आर आणि 250 एक्स या जोडीतही तेच. पुढे दोन्हींना 13, मागे आरला 43 आणि एक्सला 42. 120/80-18 वरून 140/70-17 वर जाताना 43 चे 41.6 होतात, त्यांनी 42 धरले. म्हणजे सुपरमोटो बनवताना इंजिनाचं स्वरूप बदलायचं नाही, चाकानं जे हललं ते चेननं भरून काढायचं, ही कारखान्याची पद्धत आहे. घरी रिम बदलणाऱ्यानंही सुरुवात इथूनच करावी. ‘थोडं पिकअपला, थोडं टॉपला’ हा विचार त्यानंतर.

तुमच्या गाडीला 2.91 च्या आसपास पोचायचे तीन रस्ते आहेत. पुढे 13 तसंच ठेवून मागे 38 केले तर 2.923, मूळच्या मानानं अर्धा टक्का शॉर्ट. पुढे 14 आणि मागे 41 केले तर 2.929, तेही जवळपास तेवढंच. पुढे 14 आणि मागचे 40 तसेच ठेवले तर 2.857, मूळच्यापेक्षा पावणेदोन टक्के लाँग, म्हणजे शॉर्टच्या उलट, त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. पुढचा एक दाता कमी-जास्त केला की साडेसात टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, मागचा एक केला की अडीच टक्के. म्हणून अंदाजानं हात घालायचा असेल तर तो मागच्या स्प्रॉकेटला घालावा. पुढचा दाता ही मोठी उडी आहे, तुमच्या बाबतीत ती योगायोगानं बरोबर जागी पडते.

टायर झिजण्याचाही विचार करा. नव्या टायरची 6 मिमी नक्षी झिजली तर व्यास 12 मिमीनं कमी होतो, म्हणजे जवळपास दोन टक्के. तेव्हा अर्ध्या-पाऊण टक्क्यावरून डोकं शिणवू नका. टायरच्या आयुष्यातच त्याहून जास्त फरक पडतो.

तरीही आकडे पक्के करून घ्यायला मोजपट्टी हवीच. छापील आकडा आणि खरा टायर यांत फरक असतो. रिमची रुंदी कमी-जास्त असली की टायरचा आकार बदलतो, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे एकाच मापाचे टायर मोजले तर सारखे भरत नाहीत. जुनं चाक घरी पडलं असेल तर दोन्ही टायरांत नेहमीची हवा भरा आणि नक्षीच्या मध्यावरून कापडी टेप गोल फिरवून परिघ मोजा. जुन्याचा 2,040 मिमीच्या आसपास यायला हवा, नव्याचा 1,930 च्या आसपास. जुनं चाक विकून टाकलं असेल तर नव्याचंच माप जमिनीवर घ्या. वॉल्व्ह बरोबर खाली आणा, जमिनीवर खडूनं खूण करा, तुम्ही गाडीवर बसा आणि मित्राला ढकलायला सांगा. वॉल्व्ह तिसऱ्यांदा खाली आला की दुसरी खूण करा. अंतर मोजून तीननं भागा. वजनानं टायर दबतो, त्यामुळे हा आकडा टेपच्या आकड्यापेक्षा थोडा कमी येईल. तो जुन्या टायरच्या टेपनं मोजलेल्या आकड्याशी किंवा छापील हिशेबाशी ताडून बघू नका. दोन्हीकडे एकच पद्धत वापरली तरच तुलनेला अर्थ आहे.

आता ओरडण्याबद्दल. हिशेबानं तुमचे आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या) पावणेसहा टक्क्यांनी वाढायला हवेत. आधी एखाद्या वेगाला काटा 6,000 वर असेल, तर त्याच वेगाला आता 6,350 वर. हे जाणवतं, कानाला टोचतंही. पण तुम्हाला फरक याहून खूप मोठा वाटत असेल, 6,000 च्या जागी 7,000 दिसत असतील, तर चूक चाकात नाही. तेव्हा पहिला संशय क्लच घसरण्याचा. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये मध्यम वेगावरून एकदम थ्रॉटल पूर्ण उघडा. आरपीएम झपकन चढले आणि वेग मागे राहिला तर क्लच प्लेट बघून घ्या, स्प्रॉकेट नंतर.

दुसरा संशय मीटरचा, आणि चाकं बदललेल्या गाडीत हा जास्त फसवतो. वेग कुठून मोजला जातो ते आधी शोधा. गाडी मधल्या स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी ठेवा, पहिला गिअर टाकून क्लच हळू सोडा. चाक फिरताना मीटरवर वेग दिसला तर सेन्सर गिअरबॉक्सवर किंवा मागच्या चाकावर आहे. शून्यच राहिला तर सेन्सर पुढच्या चाकावर. हात, कपडे आणि चिंधी फिरत्या चेनपासून लांब ठेवा. या चाचणीत बोटं गमावलेली माणसं आहेत.

सेन्सर पुढे असेल तर तुमच्या मीटरवर भरवसा ठेवू नका. पुढचा टायर 695.4 मिमीवरून 585.8 मिमीवर आला आहे, म्हणजे चाक तेवढ्याच अंतरात सुमारे 19 टक्के जास्त फेऱ्या मारतं. मीटर 100 दाखवेल तेव्हा खरा वेग 84 असेल. शंभर किलोमीटर चाललेली गाडी ओडोमीटरवर 119 दाखवेल. ‘17 इंची चाकं टाकल्यावर ॲव्हरेज वाढला’ असं ऐकायला मिळतं त्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं. पेट्रोल तेवढंच जळतं, फक्त किलोमीटर खोटे वाढतात. अशा गाडीत मागचं स्प्रॉकेट कितीही बदला, मीटर सुधारणार नाही.

सेन्सर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असेल तर गोष्ट उलटी. तिथे मीटर मागचा टायर आणि स्प्रॉकेट दोन्ही मूळचे आहेत असं धरून चालतो. तुम्ही 2.91 ला परत आलात की मीटरही आपोआप बरोबर होतो. आणि दोन्हीकडे एबीएस असलेली गाडी असेल तर एक वेगळी काळजी घ्यावी लागते. तिचा कंट्रोलर दोन्ही चाकांचे वेग एकमेकांशी ताडून बघतो. पुढचं चाक मागच्याच्या मानानं खूप लहान झालं की कंट्रोलरला एखादं चाक घसरल्यासारखं वाटू शकतं. चाकं बदलल्यावर एबीएसचा दिवा लागून राहत असेल तर गाडी तशीच चालवू नका.

आता ‘टॉप वाढेल’ या सांगण्याकडे येतो. वरच्या वेगाला गाडीला अडवतो तो वारा. त्या टोकाला वेग पाच टक्क्यांनी वाढवायचा तर ताकद सुमारे 16 टक्के जास्त लागते, कारण लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 200 सीसीच्या, 18 बीएचपीच्या आसपासच्या इंजिनाकडे ही 16 टक्के ताकद शिल्लक नसते. गिअरिंग लाँग केल्यानं ती निर्माण होत नाही. उलट फार लाँग केलं की पाचव्यात इंजिन आपल्या ताकदीच्या आरपीएमपर्यंत पोचतच नाही, आणि गाडी पाचव्यापेक्षा चौथ्यात जास्त पळते. हायवेवर समोरून वारा असताना असं गिअरिंग लगेच उघडं पडतं. 14 टाकल्यानं तुम्हाला मिळणार आहे ती हायवेवरची शांतता, म्हणजे त्याच वेगाला कमी आरपीएम आणि हँडलला कमी थरथर. ती मिळवण्यासारखी आहे. पण मीटरवरचा जास्त आकडा हे 14 टाकण्याचं कारण नाही.

लाँग गिअरिंगची किंमत खालच्या गिअरमध्ये मोजावी लागते. पहिलाही तेवढाच लाँग होतो. चढावर थांबलेली गाडी सोडताना क्लच जास्त वेळ अर्धवट धरावा लागतो, रोजच्या ट्रॅफिकमध्ये प्लेट लवकर जळतात. पसरणीच्या वळणांवर मागे माणूस असताना दुसरा जास्त ओरडेल आणि तिसरा दम तोडेल, असं दोहोंच्या मधे अडकायला होतं. तुमच्या बाबतीत 14-40 हे मूळच्यापेक्षा पावणेदोन टक्केच लाँग आहे, तेवढं इंजिन सोसेल. पण हेच 14-40 कुणी जुन्या 18 इंची चाकावर टाकलं तर ते सात टक्क्यांहून जास्त लाँग पडतं. घाटात राहणाऱ्या माणसाला मी ते कधीच सांगणार नाही.

13-38 की 14-41? गुणोत्तर तेच, पण चेनसाठी दोन्ही सारखे नाहीत. पुढचं स्प्रॉकेट जितकं लहान तितकी चेनची प्रत्येक कडी त्यावर जास्त वाकते, आणि वाकण्यातच पिन आणि बुश झिजतात. स्प्रॉकेट हे खरं तर वर्तुळ नसून बहुभुज असतं, त्यामुळे चेनचा वेगही दर दात्याला किंचित कमी-जास्त होतो. 12 दात्यांना हा चढउतार 3.4 टक्के, 13 ला 2.9, 14 ला 2.5. आकडे लहान दिसतात, पण कमी वेगाला गाडी हिसके देते त्यात यांचा वाटा असतो. शिवाय लहान स्प्रॉकेटवरून जाणारी चेन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी पट्टीवर जास्त घासते. 12 च्या वाटेला जाऊ नका. 14 नीट बसत असेल तर 14-41 हे माझ्या मते तिन्हींत उत्तम आहे. 41 ही अविभाज्य (गणितातली मूळ) संख्या आहे हेही बरं. चेनच्या कड्यांची संख्या आणि दाते यांना एकाच आकड्यानं भाग जात असेल, तर तेच ते दाते त्याच त्या कड्यांना भेटत राहतात आणि झीज एका जागी साठते. 13 दात्यांवर 130 कड्यांची चेन असली की नेमकं हेच होतं.

14 बसतं का ते बघायला पुढचं कव्हर काढा आणि चेन स्प्रॉकेटवरून जाते तिथे चेन आणि क्रँककेस यांच्यामधली जागा तपासा. 428 च्या चेनला एक दाता वाढल्यावर त्रिज्या सुमारे 2 मिमीनं वाढते, पण चिखल आणि ग्रीस साठायला त्याहून जास्त जागा हवी. शाफ्टचे स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) आणि लॉक प्लेटची भोकं जुळतात का ते जुनं स्प्रॉकेट हातात घेऊन दुकानातच ताडून घ्या. चेन कुठली हे कडीवर छापलेलं असतं. 428 ची पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर, 12.7 मिमी, 520 ची 15.875 मिमी. एकाचं स्प्रॉकेट दुसऱ्या चेनला चालत नाही. मागचं स्प्रॉकेट मूळ हबचंच असल्यामुळे बोल्टांची जागा बदलणार नाही, हा तुमचा फायदा. दुसऱ्या गाडीचं अख्खं चाक बसवणाऱ्यांना आधी चेनची रेषा सरळ करावी लागते, आणि ते लेथवाल्याचं काम होऊन बसतं.

चेनची लांबी: पुढचे-मागचे मिळून एक दाता बदलला की एक्सल पाव पिच सरकतो, 428 ला साधारण 3.2 मिमी. 13-38 ला एक्सल 6 मिमीच्या वर मागे जाईल, 14-40 ला 3 मिमी पुढे, 14-41 ला 6 मिमीच्या वर पुढे. ॲडजस्टरवर पुढे तेवढी जागा नसेल तर दोन कड्या लांब चेन घ्या. एक्सल सरकवल्यावर टायर पुढे स्विंगआर्मला आणि बाजूला चेनला लागत नाही ना, हे मागचं चाक हातानं पूर्ण फिरवून बघा. 130 चा टायर रुंद आहे, त्यामुळे बाजूची जागाच आधी संपते.

जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट बसवायचं का? मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटानं बाहेर ओढा. अर्धा दाता दिसला तर चेन गेली. मोजायचं असेल तर ताणून धरलेल्या 20 पिच मोजा. 428 ला नव्या चेनचे 254 मिमी भरतात, 259 च्या पुढे गेले की ती काढा. अशा चेननं नवं स्प्रॉकेट थोड्याच दिवसांत खाल्लं जातं. क्लिपवालं लॉक असेल तर क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेनं पळते त्या दिशेला ठेवा.

स्प्रॉकेटखेरीज एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगायला हवी. गाडीची मागची बाजू सुमारे 18 मिमी खाली आली आणि पुढची 55 मिमी. गाडी पुढे झुकली आहे. हँडल हलकं आणि चपळ वाटत असेल, पण हायवेच्या वेगाला ते अस्थिर वाटू शकतं. पुढचे फोर्क क्लँपमध्ये वर सरकवलेले असतील तर ते मूळ जागी आणा. साइड स्टँडही आता लांब पडतो आणि गाडी जवळजवळ उभी राहते, ती उलट्या बाजूला पडायला छोटा धक्का पुरतो. स्टँड कापून छोटा करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, म्हणून चाकांच्या बदलाबद्दल आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडे विचारणा करून ठेवा. अपघात झाल्यावर हा प्रश्न निघण्यापेक्षा आधी निघालेला बरा.

माझ्या मते क्रम असा ठेवा. आधी टायर मोजा, क्लच आणि मीटर तपासा. मग फक्त पुढे 14 चं घ्या आणि मागचे 40 तसेच राहू द्या. पुढचं स्प्रॉकेट स्वस्त असतं आणि अर्ध्या तासात बदलतं. आठवडाभर शहरात चालवा, पुण्याला एकदा जाऊन या, आणि मागे माणूस बसवून पसरणी चढा. चढावर थांबून गाडी सोडताना क्लचचा वास आला नाही, आणि सपाट हायवेवर पाचवा समोरच्या वाऱ्यातही वेग धरून राहिला, तर तिथेच थांबा. पाचवा धरत नसेल किंवा पहिल्यावर क्लच रडत असेल, तर मागे 41 करा. 14 चं स्प्रॉकेट कव्हरला किंवा केसला घासत असेल तर तो नाद सोडा, 13 परत बसवा आणि मागे 38 चं मागवा.